येथे उलटं लिहून मिळेल

रेहानानं लिनोचा तुकडा दिला, तळहाताएवढा,
रंग ओल्या पाटीचा, वास जवसाच्या तेलाचा.
म्हणाली, काका, तव्यावर नका, उन्हात ठेवा थोडा,
मऊ होईल.
मी तो दुकानाच्या पायरीवर ठेवला
आणि दारूवाला पुलाची दुपार
त्याच्यावरून जाऊ दिली.

एकेचाळीस वर्षं अक्षरं काढली मी.
मोरेश्वर आर्ट्स. बारीक, खाली, उजव्या कोपऱ्यात.
पिठाची गिरणी, दातांचा दवाखाना,
'चौकशी करू नये' आणि 'चौकशी आत करावी',
दोन्ही एकाच सोसायटीसाठी.
ब्रश टेकवला की रंग जातो, अक्षर येतं,
एवढाच व्यवहार.
आता ही पोरगी सांगते,
जे हवंय त्याला हात लावायचा नाही.
त्याच्या आजूबाजूचं काढायचं.

आणि उलटं.

मला हसू आलं. म्हटलं, त्र्याण्णव साली
एका ट्रस्टच्या रुग्णवाहिकेच्या कपाळावर
उलटी अक्षरं मीच काढली होती.
खरं म्हणजे ट्रेसिंग पालथं घालून गिरवली होती.
हाताला तेव्हा काही कळलं नव्हतं.

पहिल्या दिवशी 'येथे' कोरलं.
सवयीनं सरळ.
शाई लावली, कागद टेकवला,
भाताच्या डावाच्या पाठीनं घासला,
उचलला तर
कुठलीतरी परकी लिपी
माझ्याच वळणाची.
रेहाना काही बोलली नाही.
तोंडावर ओढणी धरून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी कोरणी सटकली.
डाव्या अंगठ्यावर हळद.
हाताकडे नाही काका, हातापासून लांब.

शिरोरेषेनं फार छळलं.
मी ती नेहमी शेवटी ओढायचो,
श्वास धरून, एका दमात,
अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी.
इथे ती ओढता येत नाही.
फक्त राहू द्यायची.
वरून कोरायचं, खालून कोरायचं,
आणि मध्ये आपण काहीच करायचं नाही.
माझी तीन ठिकाणी तुटली.

मग 'गिरणी' घेतलं.
पुण्यानं जन्मभर माझ्या वेलांट्या तपासल्या.
आगाशे मास्तर तर शिडी धरून उभे राहायचे,
पहिली, अहो पहिली!
लिनोवर गि उलटा काढला
तर वेलांटी त्याच्या पलीकडे गेली
आणि झाली दुसरी.
णीची झाली पहिली.
मास्तर असते तर लाल पेन्सिल काढली असती,
आणि छाप निघाल्यावर
खिशात परत ठेवली असती,
न बोलता.

रोलर शाईवर फिरतो तेव्हा
बारीक चरचर यायला हवी,
मोहरी तडतडायच्या आधीची.
रेहाना कान देते. अजून जाड आहे, म्हणते.
मला उजव्या कानानं येत नाही.
मी बोटानं ऐकतो,
शाई बोट सोडायला किती कुरकुरते ते.

अकरावा छाप बरा आला.
र जरा कलंडलेला,
शिरोरेषा अजून एका जागी पोकळ.
चिमटा लावून टांगला, फ्लेक्सच्या रोलशेजारी.
नीलकंठनं मशीन थांबवलं, येऊन बघितलं.
किती वेळ लागला?
चार दिवस.
त्यानं मान हलवली,
कुठल्या बाजूला ते नीट दिसलं नाही,
आणि मशीन परत सुरू केलं.

संध्याकाळी सून झाडायला आली.
सुपलीत करडी, कुरळी सालं,
काही नखाएवढी, काही नुसती भुगा.
बाबा, हा कसला कचरा?
अक्षरांच्या भोवतालचा, म्हटलं.
ती थांबली. सुपली हातात, एक पाय उंबऱ्यापलीकडे.
मग टाकू ना?